पिवळ्या ओढणीमागची भिंत

आज कपाट आवरताना जुनी पिवळी ओढणी हाती लागली आणि तिच्या कुबट वासासरशी मी परदेशातल्या, ल्यूकनच्या त्या खोलीत जाऊन पोचले. शिकून नोकरीला लागलेल्या आम्ही चौघी एकाच खोलीत राहायचो, कारण पगारात तेवढंच परवडायचं. ओल येऊन काळी पडलेली, घरमालकाने कधीच दुरुस्त न केलेली भिंत आम्ही या ओढणीने झाकली होती. घरी व्हिडिओ कॉल करायचा तो तिच्यासमोर बसूनच.

एका रविवारी बाबांनी विचारलं, "खोकला अजून आहेच? खोली नीट आहे ना?"

मी उठले आणि ओढणी ओढून काढली. "ही खोली, बाबा. चौघींची."

ते स्क्रीनजवळ वाकून भिंत बघत राहिले. मग म्हणाले, "परत ये."

"येणार नाही. पण मजेत आहे असंही यापुढे सांगणार नाही."

माझं बोलून होताच आमच्यातल्या शलाकाने त्याच भिंतीसमोर तिच्या आईला फोन लावला. ओढणी परत कुणीच टांगली नाही.

तेव्हा वाटलं होतं, आपण हरलोय हे घरी कळलं. आता वाटतं, घरमालकाला वाटायला हवी ती लाज आम्ही उगाच वाहत होतो.

ओढणी गळ्यात घालून कामाला निघालेय. भिंतीचा काळा डाग तिच्यावर अजून दिसतो. दिसू दे.