मास्टरांचा गाळलेला सूर

आमच्या मास्टरांना एका जागी बसून क्लारनेट वाजवताच येत नसे. सगळं आयुष्य वरातीपुढे चालण्यात गेलेलं. पाय थांबले की फुंकही थांबायची. गोंदियाजवळच्या गोरेगावात त्यांची बँडपार्टी होती. लग्नसराई संपली की पार्टीतले सगळे धानाच्या रोवणीला लागत, आणि रोवणी आटोपली की मास्टर मला शिकवत, तेही चालत. धानाच्या बांधीतल्या अरुंद धुऱ्यावरून, म्हणजे खाचराच्या बांधावरून, ते पुढे, मी मागे. दोनदा तर मी क्लारनेटसकट चिखलात पडलो. "सूर पायातून येते, बाबू," ते मागे न बघता म्हणायचे. "तोंडातून नुसती हवा येते."

त्यांचा आणखी एक सिद्धांत होता. "नवरदेवाले काही समजत नाही, घोडीले समजते. घोडी बिचकली का समजजो, सूर गेला." म्हणून वाजवताना ते मान वळवून वळवून घोडीचे कान बघायचे. वाहवा करणाऱ्या नवरीच्या मामाकडे मात्र ढुंकूनही पाहत नसत.

त्यांच्या क्लारनेटची एक चावी मोडलेली होती. तिला सायकलच्या ट्यूबचं रबर बांधलेलं, पण तिचा सूर काही निघायचा नाही. मग मास्टर तो सूर गाळायचे. तिथे श्वासभर थांबायचे आणि खालच्या सुरावरून घसरत थेट वरच्यावर जायचे. वरातीत नाचणारे तेवढ्यापुरता एक पाय उचलून थांबत. मीही तसाच शिकलो, सूर गाळून. माझं क्लारनेट चांगलं धडधाकट होतं, तरीसुद्धा.

गोंदियाला कॉलेजात असताना फुलचूरच्या एका लग्नात मास्टरांची पार्टी आली. मी मित्रांबरोबर वऱ्हाडात उभा होतो. मास्टरांनी लांबूनच हात केला, "ये बाबू, एक गाणं उचल." मित्र खिदळले, "अबे, तू बँडवाला है क्या?" मी म्हणालो, "मैं नहीं जानता इनको." मास्टरांनी ते ऐकलं. "गलती हो गई, दूसरा लडका समझा," असं माझ्या मित्रांना सांगून ते वाजवत पुढे निघून गेले. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो, तर त्यांनी विषयसुद्धा काढला नाही.

आता मी अमेरिकेत जॅझची पदव्युत्तर पदवी करतो आहे, वादन आणि रचना. या संगीतात कागदावरचं किती नीट वाजवलं याला फारसा भाव नाही. तू त्यात स्वतःचं काय घातलंस, हे विचारतात. पहिल्याच सत्रात प्राध्यापिकेने मला मधेच अडवलं. हे थांबणं, ही घसरण, कुठून आणलीस? खरं सांगायला दोन वाक्यं पुरली असती. मी तोंड वर करून म्हणालो, "माझंच आहे." जिभेला हाड नसतं म्हणतात, ते काही खोटं नाही. पुढे त्या एका जागेवर माझी अख्खी रचना उभी राहिली. पदवीच्या कार्यक्रमात ती वाजली तेव्हा लोकांनी उभं राहून टाळ्या दिल्या. आता फक्त प्रबंध बाकी आहे. ही रचना कुठून आली, ते मला त्यात लिहायचं आहे.

सुट्टीत गावी आलो तेव्हा मास्टरांना मोबाइलवर ते रेकॉर्डिंग लावून दिलं. फोन कानाला धरून ते अंगणात फेऱ्या मारत ऐकू लागले. ती जागा आली आणि मास्टर थांबले. सूर चालू असताना त्यांचे पाय थांबलेले मी पहिल्यांदाच पाहिले. वाटलं, संपलं, आता विचारतील. त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं आणि पुन्हा तिथेच थांबले.

"तू अजून तसाच वाजवून राहिला काऊन?" ते हळूच म्हणाले. "ते तं माह्या चावीचं होतं, बाबू. माह्या मोडक्या बाजानं तुले चुकीचं शिकवलं. मार्क कापले असतीन ना?"

"नाही, मास्टर." मी एवढंच म्हणालो.

"मीनं मागच्या साली नागपूरहून चावी बसवून आणली. आता पोरं बरोबर शिकतेत. तुलेच तेवढं..." त्यांनी फोन माझ्या हातात दिला. मग म्हणाले, "तिथं माहं नाव नोको सांगू. त्याहिले वाटन, कोन्या अडाण्यानं शिकवलं."

त्यांचे पाय धरून तेव्हाच सांगायला हवं होतं की मास्टर, तुमच्या त्या चुकीवरच मला पदवी मिळते आहे. मी नुसती मान हलवली. आणि मला हायसं वाटलं. खोटं बोललो याची लाज वाटतेच, पण त्या क्षणी हायसं वाटलं, याची जास्त वाटते.

प्रबंधाचं ते पान अजून कोरं आहे. त्याआधी हे लिहून काढलं, तेही मराठीत, कारण माझ्या प्राध्यापिकेला मराठी वाचता येत नाही. आणि बघा, एवढं सगळं लिहिलं, पण त्यातही मास्टरांचं नाव मी कुठे घेतलेलं नाही.