सशाचा पाला

कपडे दुरुस्तीच्या दुकानात टाचणीचं खरं नाव कुणालाच आठवत नसे. अंगाने किडकिडीत, ओठांत कायम दोन-तीन टाचण्या, आणि बोलली की टोचणारच. नाव पडायला आणखी काय लागतं? दिवसभर ती लोकांच्या पँटी आखूड करी आणि सुटलेल्या पोटांसाठी शिवणी उसवून देई. कुणापुढे हात पसरायचा नाही, हा तिचा बाणा. बाण्याने पोट भरत नाही हे तिलाही कळत होतं, पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही.

नवरा गोदामात माल चढवायचा. त्याची साखर वाढली, पायाची जखम भरेना, तेव्हा काम सुटलं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं की मैदा, बिस्किटं, गोड सगळं बंद. अख्खं धान्य, सालीची डाळ आणि भरपूर पालेभाजी खायची. एवढ्याने उतार पडला नाही, तर रोज इंजेक्शन. नवऱ्याला सुईची अशी धास्ती, की नुसत्या नावाने घाम फुटायचा. आणि बायको मिळाली ती शिवणकाम करणारी! देवालाही कधीकधी थट्टा सुचते.

धान्य-डाळीचं टाचणीने जमवलं. धान्य जाडंभरडं दळून आणायचं, कडधान्यं भिजवून मोड आणायचे, तेल चमच्याने मोजायचं. पालेभाजीपाशी मात्र घोडं अडलं. एकट्या पगारात रोजच्या दोन जुड्या बसेनात.

दुकानाच्या कोपऱ्यावर एक भाजीवाली बसे. गिऱ्हाइकं मुळे घेत आणि वरचा पाला तोडून टाकायला सांगत. बीटची पानं, फ्लॉवरचे दांडे, सगळं टोपलीत जाई. ते बघून टाचणीचा जीव हळहळे. एका संध्याकाळी धीर करून तिने विचारलं, हा पाला नेऊ का? भाजीवालीने सहज विचारलं, कशाला गं? चार बायका उभ्या होत्या. टाचणीच्या तोंडून निघून गेलं, "ससा पाळलाय."

झालं. रोज संध्याकाळी सशासाठी पिशवी तयार. घरी मुळ्याचा पाला लसणीवर परतला जाई, बीटची पानं डाळीत पडत, फ्लॉवरचे दांडे बारीक चिरून शिजत. नवरा आधी कुरकुरला, मग चटावला. सशाची गोष्ट कळल्यावर तर ताट घेऊन बसताना कानांवर दोन बोटं उभी धरून दाखवायचा. पहिल्याच तपासणीत साखर थोडी उतरली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असंच चालू ठेवा. त्या दिवशी टाचणी दुकानात चक्क गुणगुणली.

मग ऊन तापलं. पाला दुपारीच माना टाकू लागला, पिशवीत कालचं, परवाचंही येऊ लागलं. टाचणी निवडून निम्मं फेकून देई. तक्रार करायची, तर कुणाच्या नावाने? एकदा तिने जपून सांगितलं, की आमचा ससा जरा नखरेल आहे, पिवळं पान हुंगतसुद्धा नाही. भाजीवाली पोट धरून हसली. एक दिवस उपाशी ठेव, म्हणाली, मुकाट्याने खाईल. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

एके दिवशी दुकानात काम फार होतं. दमून आलेल्या टाचणीने पाला नीट निवडला नाही. नवऱ्याचं पोट असं बिघडलं की दोन दिवस तो भिंत धरून चालत होता. तिसऱ्या दिवशी तिचा हात धरून हळूच म्हणाला, "मी इंजेक्शन घेतो. तू नको आता त्या पाल्यामागे हिंडूस."

सुईला एवढा भिणारा माणूस. टाचणीला आपल्या ताठ्याची लाज वाटली, इतकी की तिला रडूही आलं नाही. ती तडक कोपऱ्यावर गेली. भाजीवालीने नेहमीसारखी पिशवी पुढे केली.

"मावशी, ससा नाहीये," टाचणी म्हणाली. "आम्हीच खातो. माझा नवरा आजारी आहे, त्याला लागतो."

आता ही हसेल, नाहीतर कीव करेल. कीवच तिला जास्त नको होती. भाजीवालीने दोन्हींतलं काहीच केलं नाही. तिने पिशवी गोणपाटावर पालथी केली. काळपट, बुळबुळीत पानं. त्यातलं एक तिने उचलून हुंगलं.

"अगं, खाली पडलेलंसुद्धा भरायची मी," ती म्हणाली. "म्हटलं, ससाच तर आहे."

तिने हात धुतले. त्या दिवशी आलेल्या मुळ्यांचा पाला तोडला, बीटची कोवळी पानं त्यात घातली, आणि दोऱ्याने घट्ट जुडी बांधली. टाचणी म्हणाली, मला टोपलीतलंच चालेल, फक्त ताजं द्या. भाजीवालीने नकाराची मान हलवली.

"सशाला फुकट देत होते. माणसाला विकते." आणि तिने भाव सांगितला. सुट्ट्या नाण्यांत बसणारा, पण भाव.

टाचणीने सवयीने घासाघीस केली. भाजीवाली तसूभरही हलली नाही. टाचणीने पैसे मोजून दिले, तिने ते मोजून घेतले, आणि कुठल्याही गिऱ्हाइकाला विचारावं तसं विचारलं, "आणखी काय देऊ?"