अजिनाथनं भिजवलेलं पान

आमच्या कुंभारीच्या विडी वसाहतीत बाप्या माणूस पानाला हात लावत न्हाय. पान कापायचं बाईनं, विडी वळायची बाईनं, कारखान्यात नेऊन द्यायची तीबी बाईनंच. बाप्ये नुसतं विचारत्यात, "झाल्या का गं विड्या?" जळ्ळं मेलं ते विचारणं!

शेजारच्या वैजयंतीचा नवरा अजिनाथ यंदा फौजेतनं कायमचा घरी आला, तवा त्याला काय करावं कळंना. माणूस लई भला, पर घरात पाहुण्यावानी बसायचा. च्याचा कप धुवायला उठला की वैजू म्हणायची, "बसा की ओ."

त्यातच आमचा संप ठरला. कारखान्यातला चेकर चांगल्या विड्याबी खराब म्हणून मूठमूठ बाजूला काढायचा. त्याला छाट म्हणत्यात. छाटीची मजुरी न्हाय, अन् विड्याबी परत न्हाय! आमच्या तळपायाची आग मस्तकात गेलेली. वैजू सगळ्यांच्या पुढं. पान आदल्या सांजंला भिजवून पोत्यात गुंडाळलं न्हाय, तर सकाळी विडी वळता येत न्हाय. म्हणून ती दारोदार सांगत फिरली, "बायांनो, आज कुणी पान भिजवायचं न्हाय. जिच्या दारात ओलं पोतं दिसंल, ती फुटली म्हणायची."

साऱ्या वसाहतीला सांगितलं, अन् घरात सांगायचं राहिलं.

सकाळी बघतो तर वैजूच्याच पायरीवर ओलं पोतं! बाया जमल्या. "आमाला उपाशी ठेवती, अन् आपण वळती व्हय गं?" वैजूचं तोंड पांढरं फटक पडलं.

अजिनाथ पुढं आला, ताठ उभा राहिला. "मी भिजवलं. ही बाहेर हिंडत होती, पान कोरडंच दिसलं. मला वाटलं, इसरली."

बाया फिदीफिदी हसल्या. "बायकूला वाचवतंय बघ!" बाप्यानं पान भिजवलं, हे कोण खरं धरंल? दोघीतिघी तर पान भिजवायला घराकडं वळल्याबी. संप तिथंच मोडायला आला होता.

म्हातारी गोजरबाई मातूर खाली बसली अन् तिनं पोतं उघडलं. पुडक्याचा बांध तसाच! आमी पुडकं सोडतो, पान पाण्यात बुडवून झटकतो, मग पोत्यात गुंडाळतो. ह्या गड्यानं बांधलेलं पुडकंच रातभर बादलीत दाबून ठेवलेलं, अन् सकाळी तसंच पोत्यात गुंडाळलेलं. वरचं पान काळं, चिकट, अन् आतलं कोरडं ठाक.

"अगं बया! ही बाईची करणी न्हाय," गोजरबाई म्हणली. "कुठली बाई असा इस्कोट करंल?" अन् जी हसत सुटली, ती खोकायलाच लागली. मग आमीबी हसलो. वळलेल्या बाया माघारी आल्या. अजिनाथचे कान लालबुंद झालेले.

"चल गं वैजू, हो म्होरं," गोजरबाई म्हणली. कारखान्याच्या फाटकावर ठाण मांडून बसलो. एकीनंबी दगा दिला न्हाय. शेवटी मालकानं छाट ज्येची त्येला परत द्यायचं कबूल केलं. बाया टाळ्या पिटाय लागल्या, अन् वैजू एका बाजूला बसून रडतीया.

मी म्हणलं, "येडे, जिंकलो की! रडती कशाला?"

तर पदरानं तोंड पुसत म्हणली, "आक्का, लगीन झाल्यापासनं एकटीच भिजवत आले गं. वंगाळ का असंना, माझ्यासाठी कुणीतरी पान भिजवलं."