तळटीपेतलं नवऱ्याचं नाव

मुलांनो, तुमच्याकडे निबंध दिला की त्यात दुसऱ्याचं किती उचललंय ते यंत्रच सांगतं, असं तुम्ही परवा फोनवर म्हणालात. सत्तरच्या दशकात वाशीमच्या आमच्या कॉलेजात ते काम माझ्याकडे होतं. एम.ए. अर्थशास्त्राचे लघुप्रबंध विद्यापीठाकडे जाण्याआधी मी वाचायचे, तांबडी पेन्सिल आणि पट्टी घेऊन.

एका वर्षी जवळच्या मालेगावहून एसटीनं येणारी एक लग्न झालेली विद्यार्थिनी होती. विषय, आपल्या भागातले आठवडी बाजार. तिच्या टिपा पाहून मला समाधान वाटायचं. लेखक, पुस्तक, पान, सगळं जागच्या जागी. फक्त अनसिंगच्या बैलबाजारावरची चार पानं तिची वाटेनात. असली ठसकेबाज भाषा मी कुठेतरी वाचली होती. ग्रंथालयात जुनी मासिकं काढली आणि लेख सापडला. शब्दन् शब्द तोच, आणि हिच्या पानांखाली टीप नाही. लेखकाचं आडनाव तिचंच होतं, पण आमच्याकडे ते घरोघरी सापडतं.

विभागप्रमुखांनी तिला बोलावलं.

"ही पानं कोणाची?"

"माही नाहीत सर. पन मी चोरली नाहीत."

"मग कोणाची?"

ती पदर डोक्यावर ओढून दाराकडे पाहू लागली.

"उद्या सांगा. नाहीतर प्रबंध पुढे जाणार नाही, वर्ष वाया जाईल."

व्हरांड्यात मी तिला गाठलं. "अगं, सगळ्यांची नावं लिहिलीस, मग याच लेखकाचं काय वाकडं?"

"कसं लेहू मॅडम? लेख आमच्या घरच्यायचा हाये."

तेव्हा उलगडा झाला. नवऱ्याचं नाव मीही घेत नसे. रेशनच्या दुकानात विचारलं की निमूट कार्ड पुढे सरकवायचे. पण हिच्या सासूचा नियम आणखी कडक होता, नाव लिहायचंसुद्धा नाही. कॉलेजचा अर्ज नवऱ्यानंच भरला होता, आणि प्रबंधावर हिच्या नावात मधे नुसतं एक अक्षर होतं.

"त्यांना विचारून घेतलंस?"

"विचारलं ना. म्हनाले, घे तुलेच, मी काय बजारात इकाले नेऊन राह्यलो?"

"त्यांनी दिलं म्हणून ते तुझं होत नाही. बैलांच्या धुळीत दिवसभर उभे ते राहिले. वाचणाऱ्याला ते कळायला नको?"

"कळाले पाह्यजेच. पन बुढी मले घरात घेनार नाही."

"लग्नात नाव घेतलं होतंस की नाही?"

"ते उखान्यात."

"मग इथेही उखाण्यात घे."

दुसऱ्या दिवशी प्रमुखांच्या खोलीत ती डोक्यावर पदर घेऊन उभी राहिली आणि एका दमात म्हणाली, "अनसिंगच्या बजारात बैल घेतला पारखून, अमुकरावांची चार पानं घेतली मी इचारून." अमुकराव कोण ते मी सांगणार नाही. दाराशी शिपाई खो खो हसला. कधी न हसणारे प्रमुख खिडकीबाहेर पाहू लागले. मग म्हणाले, "आता हेच टिपेत लिहा. बैल सोडून."

तिनं तिथेच बसून त्या चार पानांना अवतरणचिन्हं घातली आणि खाली पूर्ण नाव, मासिक, पान लिहिलं. लिहितानाही पदर डोक्यावर होता. त्याच लेखाच्या पुढच्या टिपांत नुसतं 'तत्रैव', म्हणजे 'वरच्याच ठिकाणी', लिहिलं तरी चालतं, नाव पुन्हा लागत नाही, हे मी सांगितल्यावर तिचा जीव भांड्यात पडला.

प्रबंध गेला, ती पास झाली. नवऱ्यासोबत पेढे घेऊन आली तेव्हा मी हळूच विचारलं, "सासूबाईंना कळलं का?"

"यायनंच वाचून दाखोलं. मी चुलीपाशी जीव मुठीत धरून बसली होती."

"मग?"

नवराच हसत म्हणाला, "बुढी तिच्यावर लय भडकली मॅडम. म्हने, माह्या पोराचं नाव एकदाच काहून लेहलं?"