मेल्चोरच्या गळ्यातला फास

आमच्या ताबेर्नास गावात बोलणं टाकणं म्हणजे पोरखेळ नव्हे. एकदा टाकलं की तो माणूस समोरून आला तरी भिंतीकडे तोंड फिरवायचं, मरेपर्यंत. एउसेबियो गाडीवान आणि मेल्चोर यांचं यादवी युद्धापासून असंच होतं. मेल्चोरनं एउसेबियोच्या धाकट्या भावाचं, हिनेसचं, नाव शिपायांना सांगितलं आणि त्यांनी हिनेसला कबरस्तानाच्या भिंतीशी उभा करून गोळी घातली. या दोघा भावांची आई, एन्कार्ना मावशी, तेव्हापासून काळ्या कपड्यांत. माझ्या दारूच्या दुकानात हे दोघं दोन टोकांना बसत आणि मधल्यामध्ये माझं मरण.

एउसेबियो तसा गरीब गाय. खेचरावरही कधी चाबूक उगारायचा नाही. बोलायचा कमी, खायचा भरपूर.

मग इटलीवाले सिनेमा काढायला आले आणि आमच्या उजाड माळाला अमेरिका म्हणू लागले. आम्हाला काय, कॅमेऱ्यासमोर मर म्हटलं की मरायचो, उठून जेवायचो. त्या सिनेमात इनामासाठी फरारी पकडणारा एक जण भावाच्या खुन्याचा सूड घेतो. नायक घोड्याला भ्यायचा, म्हणून त्याची टोपी घालून त्याच्या जागी एउसेबियो पाठमोरा उभा राहायचा. खुन्यासाठी दिग्दर्शकाला नेमका मेल्चोरचा चेहरा आवडला. त्याला खरी गोष्ट सांगायला गावातलं एक कुत्रंही गेलं नाही. मीही नाही.

मेल्चोर घोड्यावर, हात मागे बांधलेले, गळ्यात फास. फास दिखाऊ होता, भार पेलायचा तो सदऱ्याखालच्या पट्ट्यानं. एउसेबियोनं घोड्याला थाप मारायची, तो पळायचा, मेल्चोर लटकायचा.

दिग्दर्शक ओरडला, "मार!"

"पट्टा तुटलाय," मेल्चोर पुटपुटला.

ते फक्त एउसेबियोनं ऐकलं. त्यानं सांगितलेलं काम केलं असतं, तर त्याला कुणी बोल लावला नसता. त्यानं थाप मारली नाही, पण त्या ओरडण्यानंच घोडा बिथरून पुढे झेपावला, फास आवळला. एउसेबियो दोन्ही हातांनी लगामाला लटकला.

"मान ताठ ठेव," तो म्हणाला. "घोडा मी बघतो."

हे सगळं मला संध्याकाळी मेल्चोरनंच भरल्या दुकानात सांगितलं. मग त्यानं माझ्या हातून एउसेबियोकडे वाइनचा पेला पाठवला. आमच्याकडे असा पेला प्यायला म्हणजे टाकलेलं बोलणं पुन्हा सुरू. एउसेबियो पेल्याकडे नुसता बघत बसला.

तेवढ्यात दारात एन्कार्ना मावशी. आमच्याकडे बायका दुकानाची पायरी चढत नाहीत.

"खरं का रे? तुझ्या हातात होता तो?"

"होता, आई."

"मग?"

"थरथरत होता गं. त्या भिंतीशी आपला हिनेसही असाच थरथरला असेल. तेव्हा एकानं जरी हात आवरला असता..."

म्हातारीनं मेल्चोरकडे पाहिलं, युद्धानंतर पहिल्यांदा.

"मानेला वळ उठलाय," ती म्हणाली. "तेल लाव." आणि लेकाला म्हणाली, "चल, जेवण निवतंय."

ते गेल्यावर मेल्चोर मानेवर हात ठेवून सगळ्यांदेखत रडला. पेला मात्र भरलेलाच राहिला.