प्रार्थनेची रांग

परंड्याच्या शाळेत रोज सकाळी व्यंकट गुरुजी सरस्वतीची प्रार्थना सांगत. निजामाचं राज्य गेलं, त्याबरोबर बादशहासाठी दुवा मागणारी उर्दू प्रार्थनाही गेली. लहानपणी ती म्हणायची वेळ आली की गुरुजी नुसते ओठ हलवत, आवाज काढत नसत. त्या सक्तीची चीड अजून मनातून गेली नव्हती.

म्हणूनच दस्तगीर पिंजाऱ्याची जैतून त्यांना बघताक्षणी कळली. पोरगी हात जोडून उभी होती, ओठ हलत होते, आवाज मात्र नव्हता. आपल्याला कुणी सोडलं नाही, हिला तरी सोडावं, असं वाटून गुरुजी सगळ्यांदेखत म्हणाले, "जैतून, उद्यापासून तू प्रार्थनेला येऊ नकोस. वर्गातच बस."

आपण केवढं पुण्याचं काम केलं, असं त्यांना वाटलं. पण पोरींनी जैतूनला खेळात घेणं सोडलं, तिच्याशेजारी बसणंही सोडलं. ती शाळेत यायची थांबली, तेव्हा दस्तगीर आला.

"गुरुजी, पोरीचा कसूर तरी काय झाला? लई रडती. म्हणती, म्या ओठ हलवीत व्हते की, मग रांगंतून का काढलं?"

"दस्तगीरभाई, उद्या पाठवा तिला. रांगेत उभी करतो."

"आता न्हाय येत म्हणती," दस्तगीर म्हणाला, आणि वर्गात राहिलेली तिची पाटी काखेत मारून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी पोरांनी प्रार्थना खणखणीत म्हटली. त्यांच्यापुढं हात जोडून उभे असलेले व्यंकट गुरुजी नुसते ओठ हलवत होते.