नाल्यावरचं कुंपण आणि आमचे भाऊजी

उघडं राहिलेलं काहीही माझ्या भाऊजींना सहन होत नाही. त्यांच्याइतकी झाकणं लावणारा माणूस सबंध सिंदेवाही तालुक्यात दुसरा नसेल. भर मे महिन्यात ते सदऱ्याचं गळ्याचं बटण लावून बसतात. पाहुणा पाण्याचा गडू खाली ठेवतो न ठेवतो, तोच त्यावर वाटी येते. एका लग्नात शेजारचा पाहुणा तोंड वासून झोपला होता, तर भाऊजींनी अलगद त्याच्या तोंडावर स्वतःचा रुमाल टाकला. "माशी जाईन ना बाप्पा," एवढंच म्हणाले. पाहुणा वधूकडचा होता, त्यामुळे पुढे बरंच रामायण झालं. या माणसाबरोबर तू इतकी वर्षं कशी काढलीस, असं मी ताईला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, विचारलं तर म्हणाली, "मले बोलाले तोंड उघडू देते, तेवढं बस झालं."

अशा माणसाच्या शेतातून नाला वाहत होता. धानाच्या बांध्यांना, म्हणजे भातखाचरांना, चहूकडून तारेचं कुंपण झालं, पण नाला शेताबाहेर पडतो तिथे भलंमोठं भगदाड उरलं. खालच्या झुडपी जंगलातली रानडुकरं नाल्याच्या पात्रातून वर चढत आणि लोंबीवर आलेलं धान तुडवून जात. "वाघ आला त चालन. तो धान नाई खात," असं भाऊजी अगदी शांतपणे सांगत. डुकराचं नाव काढलं की मात्र त्यांच्या कानशिलाची शीर उडे.

त्याच नाल्याच्या काठाकाठानं रोज दुपारी आणखी एक जण वर येई. खालच्या अंगाला शेत असलेले निवृत्त गुरुजी. तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा, हातात काठी. भाऊजी म्हणतील ते खोडून काढायचं आणि चहा पिऊन परत जायचं, एवढ्यासाठी ते येत. नाल्यावर आडवं कुंपण घालायचा बेत ऐकून ते म्हणाले, "पाणी घेऊन जाते भाऊ."

"काऊन घेऊन जाईन?"

"पाणी आहे म्हणून."

भाऊजींनी त्याच आठवड्यात बांबूची जाडजूड ताटी बांधली. पहिल्याच पुरात ती गेली. दुसऱ्या दिवशी गुरुजी ती बैलगाडीत घालून घेऊन आले. "तुमची ताटी आमच्या बांधीत चरून राह्यली होती. कोंडवाड्यात टाकणार होतो, पण म्हटलं ओळखीची आहे."

मग भाऊजींनी लोखंडी खांब रोवून बारीक जाळी ठोकली. ती हलली नाही. पण पुरातला पालापाचोळा तिला इतका चिकटला, की नाल्याचं पाणी मागे फिरून भाऊजींच्याच शेतात शिरलं. ताई बांधावर उभी राहून म्हणाली, "डुकरं बरी होती. भिजवून त नाई खात."

तिसऱ्या खेपेला भाऊजींनी खरंच डोकं चालवलं. दोन्ही काठांवर सिमेंटचे खांब, त्यांवर आडवा जाड पाइप आणि पाइपाला झोक्यासारख्या टांगलेल्या जड लोखंडी झडपा. पुराच्या रेट्यानं झडपा खालच्या अंगाला उचलल्या जात, पूर ओसरला की आपोआप बंद होत. खालून ढकललं तर त्या तसूभर हलत नसत. त्या पावसाळ्यात नाला किती वेळा फुगला, पण कुंपण जागचं हललं नाही. एकही डुक्कर आत आलं नाही. आजूबाजूच्या गावांतून माणसं पाहायला येऊ लागली, आणि भाऊजी बटण लावून प्रत्येकाला समजावून सांगू लागले.

फक्त गुरुजी आले नाहीत.

"हरले म्हणून तोंड दाखवत नाई," भाऊजी खुशीत म्हणाले. काही दिवसांनी म्हणाले, "कामात असन." मग नुसतेच दुपारी नाल्याकडे बघत बसू लागले. चहात साखर नाही, आलं नाही, अशी कुरकूर सुरू झाली. शेवटी ताईच करवादली, "गुरुजी येतीन कुठून? वाट त तुम्हीच बुजवली. सडकेनं केवढा फेरा पडते, अन् त्याहिचा गुडघा दुखते."

भाऊजी दुसऱ्याच दिवशी सकाळी वेल्डरला घेऊन आले आणि त्या अभेद्य कुंपणाच्या काठाला माणूस जाईल एवढं दार पाडून घेतलं. "कचरा काढाले लागते," त्यांनी ताईला सांगितलं. कडी मात्र गुरुजींच्या बाजूला बसवली होती.

दुपारी गुरुजी आले. कुंपणाकडे ढुंकून न बघता बसले आणि म्हणाले, "दार हलकं झालं." भाऊजींनी ताईला आल्याचा चहा टाकायला सांगितलं. संध्याकाळी जाताना गुरुजी कडी घालायला विसरले. सकाळी धानाचा एक कोपरा साफ झाला होता. मी त्या दिवशी तिथेच होतो. भाऊजी फटाक्यासारखे फुटतील म्हणून जरा लांब उभा राहिलो. ते तुडवलेलं धान उचलत पुटपुटले, "डुकरं बी काई कमी हुशार नाई. कडी काढून येते." गुरुजींना यातलं अक्षर कळू दिलं नाही.

यंदा गुरुजींचा गुडघा पार गेला. आता भाऊजीच दुपारी त्या दारातून खाली जातात. मी परवा सोबत गेलो होतो. गुरुजी खाटेवर पडून होते. आवाज बारीक झाला होता, पण खोड तीच. "भाऊ, तुमचं कुंपण या पावसात जाते, पाहा."

मी भाऊजींकडे बघितलं. पाइपाची जाडी, सिमेंटचं मिश्रण, सगळं आता निघणार, अशी माझी खात्री होती. भाऊजींनी गुरुजींच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं.

"जाईन गुरुजी," ते म्हणाले. "पाणी आहे ना शेवटी."